सात वर्षांचं अंतर

१९७७ साली 'ऑटम सोनाटा' या चित्रपटाच्या तालमी सुरू झाल्या आणि आईची भूमिका करणारी नटी इंग्रिड बर्गमन एका आकड्यावर अडून बसली. जगभर मैफली करत फिरणारी पियानोवादक शार्लट सात वर्षांनंतर आपल्या मुलीच्या घरी येते, असं संहितेत होतं. सात वर्षं? कुठली आई सात वर्षं मुलीचं तोंड न पाहता राहील? इंग्रिडला हे काही केल्या पटेना. मुलीचं काम करणारी लिव्ह उलमनही एका मुलीची आई होती. दोघींनी मिळून दिग्दर्शकाला समजावून पाहिलं. दिग्दर्शक होता इंगमार बर्गमन. आडनाव एकच असलं तरी त्याचं आणि इंग्रिडचं काही नातं नव्हतं. तो बधला नाही. संहितेतली सात वर्षं तशीच राहिली.

इंग्रिडच्या स्वतःच्या हिशेबात ती सहा होती. थोरली मुलगी पिया तिला १९५१ साली इंग्लंडमध्ये भेटली होती, आणि त्यानंतर थेट १९५७ साली पॅरिसमध्ये. पहिल्या भेटीच्या वेळी पिया तेराही पूर्ण नव्हती, दुसऱ्या वेळी एकोणिसाव्या वर्षाकडे झुकली होती. तालमीतला तो वाद निव्वळ संहितेपुरता नव्हता हे समजायला ही दोन सालं पुरेत.

इंग्रिडचा जन्म २९ ऑगस्ट १९१५ चा, स्टॉकहोमचा. पाण्याकाठच्या स्ट्रांडवेगेन या रस्त्यावर तिच्या वडिलांचं, युस्टस बर्गमन यांचं, फोटो स्टुडिओचं दुकान होतं. आई फ्रीडेल जर्मन. इंग्रिड दोन वर्षांची असताना ती गेली. युस्टस हौशी आणि कलासक्त माणूस. मुलीचे फोटो तर त्याने काढलेच, पण हलती चित्रं टिपणारा कॅमेराही त्या काळात त्याच्या हाती होता. त्यातल्या एका तुकड्यात चिमुरडी इंग्रिड आईच्या थडग्यावर फुलं ठेवताना दिसते. आईची स्वतःची आठवण तिला नव्हतीच. आई तिला ठाऊक झाली ती वडिलांनी टिपलेल्या चित्रांमधून. कॅमेऱ्यासमोर तिला कधी अवघडल्यासारखं वाटलं नाही याचं मूळ इथे शोधायला हरकत नाही. इतर मुलं आईच्या नजरेखाली वाढतात, ही भिंगासमोर वाढली.

१९२९ साली वडीलही कर्करोगाने गेले. तिला सांभाळायला आलेली आत्या सहा महिन्यांच्या आत हृदयविकाराने गेली, तीही या पोरीच्या डोळ्यांदेखत. मग काकांचं घर, पाच चुलत भावंडं आणि अबोल इंग्रिड. एकटी असली की ती पात्रं रचायची आणि त्यांच्या तोंडून बोलायची.

१९३३ साली तिने स्टॉकहोमच्या रॉयल ड्रमॅटिक थिएटरच्या नाट्यशाळेत प्रवेशासाठी परीक्षा दिली. विनोदी प्रवेश, खेड्यातली धीट मुलगी. पडद्याआडून उडी घेत, हसत ती रंगमंचावर आली, दोन-चार वाक्यं झाली, तोच परीक्षकांनी हात हलवून थांबवलं. ते आपसात बोलत होते, तिच्याकडे बघतही नव्हते. बाहेर पडली ती सरळ समोरच्या पाण्याच्या काठाशी गेली आणि जीव द्यावा की काय असा विचार करत उभी राहिली. प्रत्यक्षात तिची निवड झालेली होती. परीक्षकांचं मत पहिल्या उडीतच पक्कं झालं होतं, पुढचं ऐकायची गरजच वाटली नाही, हे तिला बऱ्याच वर्षांनी त्यांच्यापैकीच एकाकडून कळलं.

नाट्यशाळेत ती एक वर्ष टिकली. सिनेमा हाका मारत होता. १९३६ साली गुस्टाफ मोलांडरच्या 'इंटरमेझो'त, विवाहित व्हायोलिनवादकाच्या प्रेमात पडणाऱ्या तरुण पियानोवादकाची भूमिका तिने केली आणि स्वीडनमध्ये ती तारका झाली. १९३७ साली पेटर लिंडस्ट्रॉम या दंतवैद्याशी लग्न झालं, १९३८ च्या सप्टेंबरात पिया जन्मली. त्याच वर्षी बर्लिनच्या उफा स्टुडिओसाठी तिने आईच्या भाषेत, जर्मनमध्ये, एक चित्रपट केला. वर्षभरात युरोपात युद्ध भडकलं, तोवर ती अटलांटिकच्या पलीकडे जाऊन एक चित्रपट करून आली होती.

हॉलिवूडचा निर्माता डेव्हिड सेल्झनिक याला 'इंटरमेझो' इंग्रजीत करायचा होता. १९३९ च्या मे महिन्यात इंग्रिड अमेरिकेत उतरली. सेल्झनिकने नेहमीची यादी पुढे केली. नाव बदलायचं, कारण बर्गमन फार जर्मन वाटतं. भुवया कोरायच्या. दात नीट करून घ्यायचे. तेवीस वर्षांची ही मुलगी इंग्रजीत अजून चाचपडत होती, पण नकार तिने स्वच्छ दिला. नाव माझंच राहील, चेहराही माझाच राहील, नाही तर परत जाते. सेल्झनिक धंद्यातला पक्का माणूस. क्षणभर विचार करून त्याने त्या नकाराचीच जाहिरात करायची ठरवली. हॉलिवूडची पहिली 'नैसर्गिक' नटी! रंगरंगोटी नाही, खोटेपणा नाही, जशी आहे तशी.

यशाची किल्ली हीच होती आणि पुढच्या संकटाचं बीही हेच. जी काही लपवत नाही ती निष्पापच असणार, असं अमेरिकेच्या प्रेक्षकाने मनाशी धरलं. घरी नवरा आणि गोड मुलगी, पडद्यावर स्वच्छ चेहरा. १९४५ च्या 'द बेल्स ऑफ सेंट मेरीज'मध्ये ती जोगीण झाली, तेव्हा लोकांनी तिला मनोमन मठातच बसवून टाकलं.

मधली पाच-सहा वर्षं तिच्या कीर्तीच्या दृष्टीने सर्वांत झळझळीत. त्यांविषयी इतकं लिहिलं गेलं आहे की दोनच गोष्टी सांगाव्यात. १९४२ साली 'कासाब्लांका'चं चित्रीकरण चालू होतं आणि संहिता रोज सकाळी लिहिली जात होती. शेवटी आपण बोगार्टबरोबर जाणार की पॉल हेन्राइडबरोबर, हे नायिकेलाच माहीत नव्हतं. कुणावर जास्त प्रेम दाखवू, असं विचारल्यावर दिग्दर्शक मायकेल कर्टिझ म्हणाला की सध्या मधलं काहीतरी कर. चित्रपटभर तिच्या डोळ्यांत जी दोलायमान अवस्था दिसते, ती अशी अडचणीतून आली. दुसरी गोष्ट हिचकॉकच्या १९४६ च्या 'नटोरियस'मधली. त्या वेळच्या सेन्सॉर नियमांत चुंबन तीन सेकंदांपेक्षा लांबवता येत नसे. हिचकॉकने इंग्रिड आणि कॅरी ग्रांट यांना दर दोन-तीन सेकंदांनी ओठ दूर करायला लावले. मध्ये ती कोंबडीच्या जेवणाविषयी बोलते, तो फोन करतो आणि पुन्हा चुंबन. अडीच-एक मिनिटं हा प्रसंग चालतो आणि नियम कुठेच मोडत नाही. या दोन चित्रपटांच्या मधल्या काळात, १९४५ साली, 'गॅसलाइट'साठी तिला पहिलं ऑस्कर मिळालं.

पण याच काळातली एक रात्र तिच्या चरित्रांत सहसा दोन ओळींत उरकली जाते. १९४६ च्या ऑक्टोबरअखेर मॅक्सवेल अँडरसनचं 'जोन ऑफ लोरेन' हे नाटक ब्रॉडवेवर जाण्याआधी वॉशिंग्टनच्या लिस्नर ऑडिटोरियममध्ये लागलं. लहानपणापासून जोन ऑफ आर्कचं तिला वेड होतं, त्यामुळे भूमिका जिवाभावाची. तिथे पोचल्यावर तिला कळलं की या नाट्यगृहात काळ्या लोकांना प्रवेश नाही. तिने वार्ताहरांना उघड सांगितलं की हे आधी ठाऊक असतं तर इथे पाऊल ठेवलं नसतं. अमेरिकेच्या राजधानीत परदेशी नटीने हे बोलावं, याचा अनेकांना राग आला. दाराबाहेर तिला शिव्या पडल्या. करार झालेला असल्याने प्रयोग तिला करावे लागले, पण आपले शब्द तिने मागे घेतले नाहीत. पुढच्या वर्षी टोनी पारितोषिकं पहिल्यांदाच दिली गेली, तेव्हा या जोनसाठी तिला त्यातलं एक मिळालं.

१९४८ पर्यंत तिला हॉलिवूडच्या गुळगुळीतपणाचा कंटाळा आला होता. लॉस एंजेलिसमध्ये तिने रोबेर्तो रोसेलिनीचा 'रोम, ओपन सिटी' पाहिला होता, मग न्यूयॉर्कमध्ये 'पैसा'. युद्धातून नुकत्याच उठलेल्या इटलीतले रस्ते, खरी माणसं, खरा धुरळा. तिने त्या अनोळखी दिग्दर्शकाला पत्र टाकलं. स्वीडिश, इंग्रजी आणि जर्मन येतं, फ्रेंच जेमतेम, इटालियनमध्ये मात्र 'मी तुझ्यावर प्रेम करते' एवढंच म्हणता येतं, अशी नटी हवी असेल तर यायला तयार आहे, असा त्याचा मतलब. पत्रात थट्टा होती, कामाची भूकही होती.

१९४९ च्या वसंतात ती इटलीला गेली. सिसिलीच्या उत्तरेला समुद्रात स्ट्रॉम्बोली नावाचं बेट आहे, बेट म्हणजे धुमसता ज्वालामुखीच. रोसेलिनीने चित्रीकरणासाठी तेच निवडलं. सोयी नाहीत, पक्की संहिता नाही, सोबतीला व्यावसायिक नट जवळजवळ नाहीत. गावातले कोळी कॅमेऱ्यासमोर उभे. बोलायची वेळ कळावी म्हणून रोसेलिनी त्यांच्या पायाच्या अंगठ्याला दोरी बांधायचा आणि ओढायचा. हॉलिवूडहून आलेली नटी आपल्यासमोरच्या माणसाची दोरी कधी ओढली जाते याची वाट बघत उभी राहायची. शेजारच्याच बेटावर रोसेलिनीची आधीची सखी, महान नटी आना मान्यानी, त्याच धर्तीचा दुसरा चित्रपट करत होती. दोन्ही बेटांवर वार्ताहरांच्या होड्या लागायला वेळ लागला नाही.

इंग्रिड आणि रोसेलिनी एकमेकांत गुंतले आणि तिला दिवस गेले. डिसेंबरात ही बातमी अमेरिकेच्या वर्तमानपत्रांत आली. २ फेब्रुवारी १९५० रोजी रोममध्ये मुलगा झाला, तेव्हा लिंडस्ट्रॉमशी तिचा काडीमोड व्हायचा होता. दोनच आठवड्यांत 'स्ट्रॉम्बोली' अमेरिकेत लागला. वितरकांनी जाहिरातीत फुटणारा ज्वालामुखी वापरला आणि त्याचा अर्थ लोकांच्या कल्पनेवर सोडला. १४ मार्चला कोलोराडोचा सिनेटर एडविन जॉन्सन सिनेटमध्ये उभा राहिला आणि एका नटीच्या खासगी आयुष्यावर त्याने लांबलचक भाषण केलं. ती समाजावर वाईट परिणाम करणारी प्रबळ शक्ती आहे, असं तो म्हणाला. चित्रपटांना आणि कलावंतांना चारित्र्यावरून परवाने द्यावेत, अशी त्याची योजना होती. परवान्याचं पुढे काही झालं नाही, पण हॉलिवूडची दारं बंद झाली.

हॉलिवूडमध्ये काडीमोड आणि लफडी तेव्हा रोजची होती. मग हिच्यावरच एवढा राग का? आपण जोगीण पाहिली, संत जोन पाहिली आणि ती आपल्याला फसवून गेली, अशी प्रेक्षकांची भावना झाली होती. भूमिका ही भूमिका असते हा साधा भेद सेल्झनिकच्या जाहिरातीने पुसून टाकला होता आणि त्याची किंमत जाहिरात करणाऱ्याने मोजली नाही. किंमत इंग्रिडने मोजली, आणि पियाने.

पेटर लिंडस्ट्रॉम दुखावलेला होता आणि ते समजण्यासारखं आहे. अमेरिकेत येऊन तो मेंदूची शस्त्रक्रिया करणारा डॉक्टर झाला होता आणि त्याचं घर वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर उघडं पडलं होतं. पिया त्याच्याकडे राहिली. १९५१ च्या उन्हाळ्यात इंग्लंडमध्ये मायलेकींची भेट झाली. १९५२ साली पियाने सुट्टीत इटलीला यावं म्हणून इंग्रिडने लॉस एंजेलिसच्या कोर्टात अर्ज केला. तेरा वर्षांच्या मुलीला साक्षीला उभं केलं गेलं, आणि आईकडे जायची इच्छा नाही असं तिने सांगितलं. अर्ज फेटाळला गेला. त्याच महिन्यात इंग्रिडला रोममध्ये जुळ्या मुली झाल्या. इझाबेला पुढे आईसारखीच पडद्यावर गाजली आणि इझोट्टा साहित्याची अभ्यासक झाली.

रोसेलिनीबरोबर तिने केलेले चित्रपट तेव्हा एकामागून एक पडले. 'युरोपा ५१' पडला, 'जर्नी टू इटली' पडला, 'फिअर' पडला. दुसऱ्या दिग्दर्शकांकडे तिने काम केलेलं रोसेलिनीला चालत नसे, त्यामुळे ज्या देशात फेलिनी आणि विस्कोंती होते त्या देशात राहून ती त्यांच्याकडे काम करू शकली नाही. आज 'जर्नी टू इटली' पाहताना मात्र तेव्हाचे समीक्षक कशाला बुजले हे कळत नाही. नेपल्सच्या संग्रहालयात, आणि मग पॉम्पेच्या राखेतून निघालेल्या जोडप्यासमोर, एक इंग्रज बायको आपला विझत चाललेला संसार बघते. गोष्ट जवळजवळ नाहीच, आहे तो फक्त तिचा चेहरा. पॅरिसमधल्या काही तरुण समीक्षकांनी याला आधुनिक सिनेमाची पहाट म्हटलं. त्रुफो, रिव्हेत, गोदार ही त्यांची नावं, आणि थोड्याच वर्षांत ते स्वतः चित्रपट करू लागले.

पॅरिसनेच तिला हात दिला. आधी जाँ रेन्वारने चित्रपट दिला, मग 'अनास्तासिया' आला, आणि १९५६ च्या डिसेंबरात 'टी अँड सिम्पथी' हे नाटक तिने पॅरिसच्या रंगमंचावर फ्रेंचमध्ये केलं. शिकलेल्या भाषेत, जिवंत प्रेक्षकांसमोर, रोज रात्री. पहिल्या प्रयोगाला टाळ्या थांबेनात. रोसेलिनीला ते नाटक अजिबात आवडलेलं नव्हतं. तो विंगेत उभा होता. वाकून अभिवादन करताना त्याच्याकडे नजर गेली आणि आपलं लग्न संपलं हे कळून चुकलं, असं तिने आत्मचरित्रात लिहिलं आहे.

त्याच महिन्यात रोसेलिनी भारतात आला. नेहरूंच्या पाठिंब्याने भारतावर चित्रपट करायचा होता. मुंबईत ताजमहाल हॉटेलात त्याचा मुक्काम असताना माहितीपटकार हरिसाधन दासगुप्ता यांच्या पत्नी सोनाली यांच्याशी त्याचं सूत जुळलं आणि १९५७ मध्ये मुंबईच्या वर्तमानपत्रांनी जे रान उठवलं, ते सात वर्षांपूर्वीच्या अमेरिकेची आठवण करून देणारं होतं. या सगळ्या प्रकरणावर पुण्यात वाढलेले आणि पॅरिसमध्ये शिकलेले संपादक दिलीप पाडगावकर यांनी पुढे एक सबंध पुस्तक लिहिलं. इंग्रिडची या प्रसंगातली वागणूक लक्षात ठेवण्यासारखी आहे. रोसेलिनीची भारतातून निघताना, चित्रीकरणाच्या फिती घेऊन जाताना अडवणूक होत होती. लंडनमध्ये नेहरूंची भेट झाली तेव्हा तिने आपल्याला सोडून दुसरीकडे गेलेल्या नवऱ्यासाठी शब्द टाकला. पत्रकारांच्या आणि राजकारण्यांच्या जबड्यात सापडणं म्हणजे काय, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

१९५७ हे साल तिच्या आयुष्यात भरतीसारखं आलं. जानेवारीत ती एका पुरस्कारासाठी न्यूयॉर्कला उतरली, तेव्हा विमानतळावर लोक फलक घेऊन स्वागताला उभे होते. मार्चमध्ये 'अनास्तासिया'साठी दुसरं ऑस्कर. ती पॅरिसमध्ये होती, तिच्या वतीने ते कॅरी ग्रांटने घेतलं. आणि जुलैत पिया पॅरिसला आली. विमानतळावर छायाचित्रकारांची झुंबड होती. सहा वर्षांनी भेटणाऱ्या मायलेकींना एकांत मिळायलाही धडपड करावी लागली. नोव्हेंबरात रोसेलिनीशी फारकत झाली.

त्यानंतरचा काळ तुलनेने शांत. १९५८ साली तिने लार्स श्मिट या स्वीडिश नाट्यनिर्मात्याशी लग्न केलं. फ्येलबाका या कोळ्यांच्या गावासमोर डानहोल्मेन नावाचं खडकाळ बेट त्याचं होतं, आणि उन्हाळे तिथे जाऊ लागले. लग्न १९७५ मध्ये मोडलं, मैत्री शेवटपर्यंत राहिली. रंगभूमी आता तिच्या आयुष्याच्या मधोमध आली. पॅरिसमध्ये इब्सेनची हेडा, इंग्लंडमध्ये तुर्गेनेव्ह, ब्रॉडवेवर युजीन ओनील, लंडनमध्ये शॉ आणि मॉम. मॉमच्या 'द कॉन्स्टंट वाइफ'च्या अमेरिकेतल्या दौऱ्यात तिचा पाय मोडला, तर तिने चाकाच्या खुर्चीतून प्रयोग केले. १९७२ साली सिनेटर चार्ल्स पर्सी यांनी त्याच सिनेटमध्ये तिची उघड माफी मागितली. बावीस वर्षं लागली.

१९७४ साली 'मर्डर ऑन द ओरिएंट एक्सप्रेस'साठी सिडनी लुमेटने तिला रुबाबदार रशियन राजकन्या देऊ केली. तिने मागून घेतली ती भित्री, बावळट स्वीडिश मिशनरी बाई. तिचा मुख्य प्रसंग एकच, सलग न तुटता चालणारा, कॅमेरा सतत चेहऱ्यावर. त्यावर तिसरं ऑस्कर मिळालं. त्याच सुमारास तिला स्तनाचा कर्करोग असल्याचं कळलं.

आणि मग 'ऑटम सोनाटा'. इंगमारने फार पूर्वी तिच्याबरोबर चित्रपट करण्याचं कबूल केलं होतं. १९७३ साली ती कान महोत्सवाच्या परीक्षक मंडळाची अध्यक्ष असताना तो तिथे दिसला. तेव्हा तिने आठवण करून देणारी चिठ्ठी त्याच्या खिशात सरकवली. चित्रपट करायचा तर स्वीडिशमध्ये, असं ठरलं. १९७६ साली कराच्या प्रकरणात पोलिसांनी तालमीतून उठवून नेल्यावर इंगमारने स्वीडन सोडला होता, त्यामुळे चित्रीकरण नॉर्वेत झालं. दशकभरानंतर ती पडद्यावर आपल्या भाषेत बोलत होती.

त्या चित्रपटात मुलगी शोपँचं एक प्रिल्यूड आईला वाजवून दाखवते आणि मग आई तेच वाजवते. शार्लट मुलीकडे बघते तेव्हा तिच्या चेहऱ्यावर माया, कीव आणि नाराजी एकाच वेळी येतात. नंतर रात्रीच्या भांडणात मुलगी वर्षानुवर्षांचं सगळं बाहेर काढते. तिथे शार्लटने मला जवळ घे म्हणून विनवावं, असं संहितेत होतं. इंग्रिड चिडली. मला तिला थोबाडीत मारून खोलीबाहेर जावंसं वाटतं, असं ती इंगमारला म्हणाली. ही आठवण लिव्ह उलमनने सांगितली आहे. दोघं बाहेर जाऊन कडाक्याचं भांडले, परत आले आणि इंग्रिडने वाक्य लिहिल्याप्रमाणे म्हटलं. चेहऱ्यावर मात्र तो सगळा राग राहिला, आणि त्याच रागामुळे विनवणी खरी वाटते.

चित्रीकरण संपत आलं तोवर आजाराने पुन्हा डोकं वर काढलं होतं. तरी लंडनमध्ये 'वॉटर्स ऑफ द मून' हे नाटक तिने केलं, १९८० साली आत्मचरित्र प्रसिद्ध केलं आणि शेवटी इस्राएलमध्ये गोल्डा मायर यांच्यावरच्या दूरचित्रवाणी मालिकेचं काम घेतलं. उजवा हात सुजून जड झाला होता. चित्रीकरणात तो हात नेहमीसारखा दिसावा म्हणून ती रात्रभर तो उंच टांगून झोपायची.

२९ ऑगस्ट १९८२ रोजी, सदुसष्टाव्या वाढदिवशी, लंडनमध्ये ती गेली. तिची रक्षा डानहोल्मेनजवळच्या समुद्रात सोडली. त्याच सप्टेंबरात गोल्डाच्या भूमिकेसाठी तिला एमी पुरस्कार जाहीर झाला. तो घ्यायला मंचावर पिया गेली.